सुट्टी कसली, उसनवारी!

परत तेच! शुक्रवारी संध्याकाळी वीचॅटवर, म्हणजे इथल्या चिनी मेसेजच्या अ‍ॅपवर, टिंग: 'टीचर, रविवारी शाळा आहे. मंगळवारचं वेळापत्रक.' अहो, हे आज सांगताय?

चीनमध्ये १ ऑक्टोबरपासून सात दिवस सुट्टी, ऐकायला काय छान वाटतं! पण त्यातले काही दिवस आजूबाजूच्या शनिवार-रविवारी भरून द्यायचे. २०२४ मध्ये २९ सप्टेंबरचा रविवार गेला, वर १२ ऑक्टोबरचा शनिवारही. म्हणजे माझाच रविवार मलाच उसना!

बरं, सरकार हे आदल्या वर्षीच जाहीर करतं. अख्ख्या स्टाफरूमला माहीत असतं, फक्त परदेशी मास्तराला सांगायचं राहून जातं. दरवर्षी. विचारलं की गोड हसून 'मेई शी', म्हणजे काही नाही हो.

काही नाही कसं? रविवारच्या गाडीचं तिकीट काढून बसलोय मी!