धाप लागते म्हणून व्यायाम बंद? खुलासा

‘व्यायामाने दमा उठतो, त्यांनी घरीसुद्धा व्यायाम करू नये’ असा संदेश सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. जोरात, तोंडाने श्वास घेतला की श्वासनलिका कोरड्या पडून आकसतात; त्रास बहुधा व्यायाम थांबवल्यावर ५ ते १० मिनिटांत वाढतो. म्हणून आधी १०-१५ मिनिटे हळूहळू अंग गरम करा. मग भिंत आणि खुर्ची पुरे: भिंतीवरचे जोर, खुर्चीवरून उठबशा, मध्ये भरपूर विश्रांती. सलग दोरीउड्या मात्र सुरुवातीला नकोतच. डॉक्टरांनी सांगितला असेल तर इन्हेलर साधारण १५ मिनिटे आधी घ्या, आणि तो हाताशी ठेवा, कपाटात नव्हे! इन्हेलरनेही धाप उतरली नाही तर तातडीने दवाखाना गाठा.