गुठळी चोळून विरघळत नाही

वडगाव-शहापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय: ‘स्वीडिश मसाजनं पायातल्या रक्ताच्या गुठळ्या विरघळतात.’ साफ चूक, आणि जिवावर बेतेल अशी. एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, हाताला गरम लागली, तर ती चोळायची नाही. गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. आधी दवाखाना गाठा, डॉक्टर सांगतील तर डॉप्लर (पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या.

बाकी दिवसभर मागावर बसून आखडलेल्या पाठीला हा मसाज बरा वाटतो. तेल लावून लांब हात फिरवतात, मग स्नायू मळतात, अगदी भाकरीच्या पिठासारखे. अंगात ताप असेल तर नको. दुखलं तर लगेच बोला, भिडेखातर सोसू नका. नाव स्वीडनचं असलं, तरी पद्धत बसवण्याचं श्रेय बरेचजण योहान मेझगर या डच डॉक्टरांना देतात.