लोहचुंबकाने कांस्यमूर्तीची पारख होत नाही

पंख असलेला सिंह, ग्रिफिन (गरुडाच्या डोक्याचा सिंह), मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा माणूस), कायमिरा (पाठीवर बोकडाचं डोकं आणि शेपटीला साप असलेला सिंह) अशा पुराणकथांतल्या प्राण्याची शोभेची कांस्यमूर्ती घरात असेल, तर तिची पारख पाच मिनिटांत करा, असं सांगणारा मजकूर सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: लोहचुंबक चिकटलं नाही आणि मूर्ती हाताला जड लागली तर ती कांस्याची, हिरवा थर असेल तर जुनी, शिल्पकाराची सही असेल तर अस्सल. मग घासून चकाकी आणा, ऑनलाइन तशीच मूर्ती शोधा, तिथली किंमत तीच तुमची. यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि चकाकीचा सल्ला तर मूर्तीचं कायमचं नुकसान करतो.

लोहचुंबकाचं आधी. कांस्य त्याला चिकटत नाही, हे खरं. पण पितळ, जस्त आणि रेझिनही चिकटत नाही. एकोणिसाव्या शतकात जस्ताच्या मूर्तींवर कांस्यासारखा रंग चढवून त्या प्रचंड प्रमाणात विकल्या गेल्या, आणि हल्ली रेझिनमध्ये कांस्याची पूड मिसळून ओतलेल्या मिळतात. चुंबकाच्या कसोटीला या सगळ्या उतरतात. उलट अस्सल कांस्याच्या मूर्तीत बैठकीचा लोखंडी बोल्ट असला की चुंबक तिथे चिकटतं. त्यापेक्षा मूर्ती उलटी करून खालची झिजलेली कड पाहा. रंगाखाली राखाडी धातू दिसला तर बहुधा जस्त. पिवळसर किंवा तांबूस दिसला तर तांब्याचा मिश्रधातू.

वजनाचंही तसंच. कांस्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 8.8 ग्रॅम, जस्ताची 7.1. हा फरक नुसत्या हाताला कळत नाही, कारण मूर्ती आतून पोकळ असते आणि भिंतीची जाडी प्रत्येक ओतकामात वेगळी. कसलेला ओतारी भिंत पातळ आणि सारखी ठेवतो. घाईच्या नकलेत ती जाड राहते. म्हणजे दोन सारख्या मूर्तींतली जास्त जड तीच कमी प्रतीची असू शकते.

हिरव्या थरावर लोकांचा फार विश्वास असतो. पण मीठ आणि अमोनियाने तो थोड्या दिवसांत आणता येतो, आणि घरात नीट ठेवलेलं जुनं कांस्य सहसा हिरवं पडतच नाही, तपकिरी होत जातं. त्यातही अनेक मूर्तींचा तपकिरी किंवा हिरवट रंग ओतशाळेतच रसायनं आणि उष्णता वापरून चढवलेला असतो. तो शिल्पाचा भाग आहे. म्हणूनच चकाकी आणण्याच्या सल्ल्याचा मला खरा राग येतो. पॉलिशने तो रंग जातो, पिसांवरचं आणि आयाळीवरचं छिन्नीचं बारीक काम बोथट होतं, आणि पारखणाऱ्याला वाचायचा पुरावाही त्याबरोबर जातो. नंतर रंग पुन्हा चढवता येतो, पण मूळचा परत येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती क्लोराइडमुळे (मिठासारख्या क्षारांमुळे) चाललेली झीज असू शकते. मूर्ती कोरड्या जागी ठेवा आणि संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तूंची दुरुस्ती-जपणूक करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

सहीचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण फसगत इथेच जास्त होते. सही बहुतेक वेळा मूळ नमुन्यातच असते, म्हणून त्यावरून ओतलेल्या प्रत्येक प्रतीत ती उमटते. आंत्वान-लुई बारी या फ्रेंच शिल्पकाराने ग्रीक कथेतला वीर थिसिअस आणि मिनोटॉर यांची झुंज घडवली, हिप्पोग्रिफ (गरुडाच्या डोक्याचा, पंखवाला घोडा) हाही घडवला. तो 1875 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याचे नमुने विकले गेले आणि त्यातले बरेच पॅरिसच्या बार्बेदिएन ओतशाळेने घेऊन प्रती ओतल्या. त्याच्या हयातीतली प्रत, मरणोत्तर प्रत आणि तयार मूर्तीवरूनच साचा काढून केलेली नक्कल, तिन्हींवर त्याचं नाव सापडतं. मोलात मात्र फार अंतर.

तयार मूर्तीवरून काढलेली नक्कल ओळखायला मोजपट्टी कामाला येते. कांस्य थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. मूळ प्रत 30 सेंटिमीटर उंच असेल तर तिच्यावरून केलेली नक्कल सुमारे अर्धा सेंटिमीटर बुटकी भरते. संग्रहालयाच्या सूचीतल्या मापाशी ताडून पाहा, पण बैठक सोडून. सहीची अक्षरं भरल्यासारखी, कडा गोलसर दिसल्या तरी संशय घ्या.

वयाबद्दल कधीकधी प्राण्याची घडणच बोलते. इटलीत अरेझ्झो इथे 1553 मध्ये सापडलेल्या एट्रुस्कन (रोमनांआधीच्या तिथल्या प्राचीन लोकांच्या) कायमिराची शेपटी गहाळ होती. आज दिसणारी, बोकडाचं शिंग चावणाऱ्या सापाची शेपटी अठराव्या शतकात बसवलेली आहे. त्याच मूर्तीची हुबेहूब प्रत, त्याच शेपटीसह, कुणी प्राचीन म्हणून दाखवत असेल, तर ती प्राचीन नाही हे कळायला रासायनिक चाचणीची गरजच नाही.

राहिली किंमत. ऑनलाइन दिसते ती विकणाऱ्याची मागणी. त्या भावाला कुणी घेतलंच असं नाही. लिलावातले झालेल्या विक्रीचे आकडे पाहा, तेही त्याच ओतशाळेच्या, त्याच मापाच्या आणि त्याच अवस्थेतल्या प्रतीचे. शिवाय विम्यासाठीचं मूल्य तशीच मूर्ती नव्याने मिळवायला लागणाऱ्या खर्चावर ठरतं, म्हणून ते विक्रीतून हाती येणाऱ्या रकमेपेक्षा बहुधा जास्त असतं. तेव्हा मूल्यांकन कशासाठी हवंय हे मूल्य ठरवणाऱ्याला आधीच सांगा, आणि मूर्ती न पुसता तिच्या खालच्या बाजूचे, सहीचे, सांध्यांचे फोटो काढून पाठवा.