निरोपांवर चाललेले घर

आमच्या घरात वडील आणि थोरले बंधू एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हते, रीतच तशी होती. वडील सोप्यावर, बंधू परड्यात आणि निरोप आईच्या तोंडी. "उसाला पाणी द्यायचं आहे की नाही, विचार त्याला," असे वडील चढ्या आवाजात म्हणाले, की आई परड्यात जाऊन "पाण्याची पाळी कधी आहे रे आपली?" एवढेच विचारी. या प्रकाराला आम्ही मर्यादा म्हणत असू आणि आमच्या घरात कधी आवाज चढत नाही, असे पाहुण्यांना अभिमानाने सांगत असू.

आई गेल्यावर हे काम बंधूंच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे आले. पहिल्याच आठवड्यात तिने "आजोबा, बाबा म्हणतात, तुम्हाला त्यातलं कळत नाही तर मध्ये बोलू नका," हा निरोप जसाच्या तसा पोहोचवला. वडील त्या रात्री जेवले नाहीत. आई नुसते निरोप नेत नव्हती, वाटेत त्यातले खडे वेचत होती, हे मला तेव्हा कळले.

पुढे वडील गेले आणि सातबाऱ्यावर वारस नोंदीची वेळ आली. आमच्या बहिणीचे लग्न १९८९ चे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या; ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. म्हणजे तिचा वाटा होता, आणि तो आम्हा तिघांनाही ठाऊक होता. तरीही बंधूंनी हक्कसोडपत्राचा तयार मसुदा पुतण्याच्या हाती तिच्या घरी पाठवला. तिने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन मुकाट्याने सही केली आणि त्यानंतर तीन वर्षे भाऊबीजेला आली नाही. मी काय केले? त्या दिवशी कार्यालयाबाहेर गाडीत बसून राहिलो. पुढे एकदा ती मला एवढेच म्हणाली, "पोराला पाठवलंत. तुमच्यापैकी एकानं तरी यायचं होतं."

हक्क सोडावा की घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे आणि बोलल्याने सगळे सुटते, असाही माझा दावा नाही; कित्येक घरे बोलूनच कोर्टात गेली आहेत. माझा आक्षेप आहे तो सहीला बोलण्याची जागा देण्यावर. हक्कसोडपत्राची नोंदणी करावीच लागते, बहिणीला विचारावेच लागते असे मात्र नाही, आणि आपण नेमके सक्तीचे तेवढेच उरकतो. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभाताची फुले येतात, पण सातबारा हा शब्द तेथे आजवर एकदाही उमटलेला नाही.

म्हणून यंदा दिवाळीत मी आणि पत्नीने मुलगा आणि मुलगी दोघांनाही समोर बसवले. फ्लॅट कोणाच्या नावे आहे, ठेवी कोठे आहेत, नामनिर्देशन म्हणजे मालकी का नव्हे, मृत्युपत्रात काय लिहिणार आहोत, हे सारे वाचून दाखवले. मी मनातून स्वतःवर बराच खूश होतो. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दादाला हे आधीच माहीत होतं का?"

माहीत होते. गेल्या वर्षी गावी जाताना, गाडी चालवता चालवता, मीच त्याला सहज सांगून टाकले होते.