लिंबू-मीठ चोळून परशूचं वय कळत नाही

"माळ्यावरची जुनी कुऱ्हाड शिवकालीन परशू आहे का? या सहा खुणांवरून दोन मिनिटांत ओळखा!" असा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. एरवी सोडून दिला असता. पण तो आमच्या मामांकडे पोचला आणि मामांनी घरातल्या परशूच्या पात्याला लिंबू-मीठ चोळून ते रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा पातं पांढुरकं पडलं होतं आणि मामा विचारत होते, "अरे, नक्षी कुठेय?" म्हणून आधी हाच मुद्दा घेतो.

दावा असा की लिंबू-मीठ घासल्यावर लाटांसारखी नक्षी उमटली तर पोलाद शिवकालीन. यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. मुशीत केलेल्या जुन्या भारतीय पोलादात कार्बनमुळे अशी लहरदार नक्षी असते, तिला जौहर म्हणतात, आणि ती उठवायला कारागीर हिराकशीसारखं आम्लधर्मी द्रव्य वापरत. पण कधी? पातं घोटून लख्ख केल्यावर, त्यावरचं सगळं तेल काढल्यावर. नक्षी उठली की लगेच धुऊन, वाळवून पुन्हा तेल लावायचे. गंजक्या पात्यावर लिंबू-मीठ थापलं की आम्ल वर्षानुवर्षांचा काळपट तपकिरी थर खाऊन टाकतं, आणि मिठातलं क्लोराईड बारीक खड्ड्यांत शिरून हवेतली ओल ओढत राहतं. मामांचं घर कोकणात. पुढच्या पावसाळ्यात त्या पात्याचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

याहून वाईट नुकसान नेढ्याजवळ, म्हणजे दांडा बसवायच्या भोकाजवळ झालं. तिथे चांदीचा एक वेल होता. कोफ्तगिरीच्या कामात लोखंडावर आधी उभ्या-आडव्या बारीक रेघांची जाळी खरवडतात आणि तिच्यावर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवतात. चांदी झिजली की भिंगातून ती जाळी दिसते. नुसता मुलामा किंवा रंग दिलेला असेल तर खाली जाळी नसते. कारागिरीबद्दल आणि वापराबद्दल काही सांगू शकेल अशी मामांच्या पात्यावर हीच एक जागा होती. तिथे आता दोन पाकळ्या आणि अर्धं देठ उरलंय. बाकीचं घासणीने गेलं.

आणि जौहर दिसला असता तरी त्यावरून गाव कळलं नसतं. तेलंगणातल्या कोनासमुद्रमचं पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. म्हणजे पोलाद दख्खनचं आणि पातं इराणी, असंही होऊ शकतं. शिवाय लहरदार नक्षीचं पोलाद आजही बनतं आणि विकलं जातं.

दुसरा दावा मला तितकाच खटकतो: पात्यावर देवनागरी अक्षरं असली की हत्यार मराठ्यांचं, आणि आकडा असला की तेच त्याचं साल. हे लिहिणाऱ्याने बिकानेरच्या शस्त्रागाराचं नावही ऐकलेलं नसावं. १६८९ च्या सुमारास एके काळच्या आदिलशाही आदोनी किल्ल्याच्या मोहिमेतून महाराजा अनुपसिंहांनी दख्खनी बनावटीची पुष्कळ शस्त्रं बिकानेरला नेली. त्यांच्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेले देवनागरी लेख आहेत. घडण दख्खनी, वापर आदिलशाही मुलखातला, मालकी बिकानेरची आणि अक्षरं देवनागरी. यात मराठे कुठे आले? त्या लेखांत संवत येतो, आणि आकडे तर अनेकदा शस्त्रागाराच्या नोंदीचे असतात. समजा पात्यावर १७४६ कोरलंय. विक्रम संवत धरला तर इसवी सन १६८९ आणि शक धरला तर १८२४. कालगणना चुकली की १३५ वर्षांचा फरक पडतो, आणि तो नोंद क्रमांक असेल तर साल नाहीच.

चंद्रकोरीसारखं पातं म्हणजे मराठा घडण, हेही खोटं. असं पातं असलेली तबर, म्हणजे लढाईची कुऱ्हाड, इराणपासून सिंध, पंजाब, राजपुतान्यापर्यंत सापडते. अकबराच्या शस्त्रांच्या यादीत 'आईन-ए-अकबरी'ने तबर नोंदवली आहे, आणि तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता. पातं दांड्याला जोडतात तिथे हत्तीचं डोकं असेल तर आधी कच्छकडे बघा, तिकडच्या 'भुज' नावाच्या हत्याराची ती ओळख आहे. १९व्या शतकात काजार राजवटीतल्या इराणात तर जुन्या धाटणीच्या, आम्लाने अक्षरं उठवलेल्या कुऱ्हाडी नव्याने घडवल्या जात.

वजन जास्त म्हणजे अस्सल? उलट आहे. घोड्यावरून एका हाताने चालवायची कुऱ्हाड पातळ आणि हलकी लागते. नेढ्यापासून धारेपर्यंत पाचरीसारखी जाड असेल तर ती बहुधा लाकडं फोडायची. चुंबक चिकटत नाही म्हणजे उल्केचं लोखंड? उल्केच्या लोखंडालाही चुंबक चिकटतो. १६२१ मध्ये जालंदरजवळ पडलेल्या उल्केपासून जहांगीरने करवून घेतलेली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे, तीही लोखंडच मिसळून केलेली.

'कार्बन चाचणीत नेमकं साल निघतं' हे वाक्य मात्र लोकांचे पैसे घालवणार आहे. चाचणीसाठी पात्याचा तुकडा काढावा लागतो. साधारण १६५० नंतरच्या काळात या पद्धतीने वर्ष नीट वेगळं करताच येत नाही, म्हणजे शिवकाळ की पेशवाई हा प्रश्न तसाच राहतो. आणि लोखंड दगडी कोळशावर गाळलेलं असेल तर कालच्या कारखान्यातलं पातंही हजारो वर्षं जुनं निघेल, कारण त्या कोळशात मोजण्यासारखा किरणोत्सारी कार्बन शिल्लकच नसतो.

बघायचंच असेल तर नेढं बघा. लोहाराने पट्टी वळवून, तापवून जोडलेलं असेल तर सांध्याची बारीक रेघ दिसते. विजेच्या वेल्डिंगचा फुगीर शिवण असेल तर ते काम अलीकडचं. दांड्याचं टोक आट्यांनी उघडत असेल तर आटे बघा: हाताने केलेले आटे कमी-जास्त असतात, यंत्रावरचे एकसारखे.

मजकुराच्या शेवटी "योग्य किंमत मिळेल" म्हणून एक मोबाईल नंबर दिलाय. मामांनी त्यावर फोटो पाठवलेत. पुरावस्तूंबाबतच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तो माणूस फोन करेल तेव्हा मामांनी आधी परवाना क्रमांक मागायचा, असं ठरलंय. तोवर पातं कोरडं पुसून, तेलाचा हलका हात फिरवून सुती कापडात गुंडाळून ठेवलंय, आणि पुन्हा लिंबू लावायचं नाही.