"जेवली का?"

अरे बाप्पा, चॅटवर बोलणारा हा आता चौथा पोट्टा! मी मेहकरची, बीएस्सी फिजिक्स सेकंड इयर, एवढं टाइप केलं की लगेच "म्हणजे चष्मा असंल". हाव, आहे ना, मंग? आवड विचारली म्हणून सांगितलं की आपलं लोणार म्हणजे उल्केच्या धडकेनं बेसाल्टात पडलेलं विवर हाय, जवळपास 1.8 किमी रुंद, अन् 2020 मधे पाणी गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं, तर अर्ध्या तासानं रिप्लाय काय, "जेवली का?" जेवली ना बे, आलू-वांगं अन् पोळी! रेंज फक्त गच्चीवर येते म्हणून डास मारत तिथं बसली, वर गुरू एवढा ठळक दिसून रायला, अन् खाली ह्याचं टायपिंग... टायपिंग... अन् आलं काय तर "फोटो पाठव न".