याला अर्थच नाही

बाबांनी ही गाडी 22 वर्षं नाकाने चालवली. स्टिअरिंग हातात असायचं, पण इंजिनाची खबर त्यांना नाकातून मिळायची. गोडसर वास आला की कूलंट गळतंय, जळका आला की क्लच. डॅशबोर्डवर तापमानाचा एक काटा होता, पण त्याला आकडे नव्हते. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच आणि मधे नुसता मोघमपणा. ऑइलसाठी तर फक्त लाल दिवा. प्रेशर जवळजवळ संपलं की तो पेटणार, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

माझं नाक वर्षातले आठ महिने चोंदलेलं असतं. त्यामुळे गाडी माझ्याकडे आल्यावर मी ठरवलं, तीन मीटर बसवायचे: ऑइल प्रेशर, तापमान आणि व्होल्ट. प्लायची पट्टी कापायची, तीन भोकं पाडायची, पट्टी डॅशबोर्डखाली टांगायची. रविवारचं काम.

"याला काही अर्थ आहे का?" बाबा म्हणाले आणि पेपरात शिरले.

मीटर 52 मिलिमीटरचे. माझ्याकडे होल सॉ दोन, एक 51चा आणि एक 54चा. पहिलं भोक 51ने पाडलं आणि कानस घेऊन बसलो. एक मिलिमीटर ही काय चीज आहे, ते कानस मारल्याशिवाय कळत नाही. अर्ध्या तासाने मीटर आत गेला, तोवर भोक अंड्याच्या आकाराचं झालं होतं. उरलेली दोन मी 54ने पाडली आणि मीटरभोवती टेप गुंडाळली. मीटरची रिंग रुंद असते, ती सगळी पापं झाकते. मग पट्टीला आणि तिच्या लोखंडी ब्रॅकेटला काळ्या रंगाचे तीन हात दिले. ब्रॅकेट कुणाला दिसणार नव्हता, तरी दिले. आपलं काम आपल्याला माहीत असतं.

वायरिंगला बसलो म्हणणं चूक आहे. डॅशबोर्डखालचं वायरिंग बसून होत नाही. डोकं क्लचच्या पेडलखाली, पाय सीटच्या पाठीवर, टॉर्च दातांत, आणि छातीवर ठेवलेला तो एकमेव छोटा नट श्वास घेतला की घरंगळतो. श्वास न घेता काम केलं तर हात थरथरतात. त्यातून ऑइलचं प्रेशर मीटरला कळवणारा सेन्डर इंजिनाच्या अशा कोपऱ्यात, की पाना जातो पण फिरत नाही. ऑइल गळू नये म्हणून त्याच्या आट्यांवर मी टेफ्लॉन टेपचे भरघोस वेढे दिले. प्लायमधून वीज जात नाही, म्हणून तिन्ही मीटरच्या काळ्या वायरी एकत्र केल्या आणि ब्रॅकेटच्या बोल्टला कसल्या. इथे मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे नोंदवून ठेवतो.

चौथ्या रविवारी चावी फिरवली. व्होल्टचा काटा सव्वाबारावर गेला, इंजिन चालू होताच चौदाच्या आसपास. डोळे भरून आले. ऑइलचा काटा मात्र शून्यावर. घाबरून इंजिन बंद केलं, डिपस्टिक ओढली, तर ऑइल काठोकाठ. लाल दिवाही विझत होता. म्हणजे 22 वर्षं जुना दिवा खोटा की चार दिवसांचा मीटर? मी दिव्यावर संशय घेतला.

संध्याकाळी हेडलाइट लावले आणि तापमानाचा काटा 80वरून थेट शंभरीकडे निघाला. बंद केले, खाली आला. दिवे लावले म्हणून इंजिन तापतं हे मी कुठे वाचलं नव्हतं. डावा इंडिकेटर दिला, तर तिन्ही काटे टिक-टिकच्या ठेक्यावर माना डोलवू लागले. मागच्या सीटवरून बाबांनी दोन-तीन वळणं ते बघितलं. "छान आहे," म्हणाले. "उजवीकडे वळताना पण करतात का?"

करत होते.

शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं. त्याने पट्टी उपसली, मागे टॉर्च मारला. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्रॅकेटच्या बोल्टला लावलं आणि मान हलवली.

"साहेब, याला अर्थच नाहीये."

बाबा फाटकापाशी उभे होते. ते चालत जवळ आले. "काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा."

त्याने बिचाऱ्याने सविस्तर सांगितलं. बोल्टखाली रंगाचा जाड थर, त्यातून बॉडीला अर्थ मिळतच नाही. मग दिव्यांची वीज परतायला वाट शोधते, मीटरमधून, सेन्डरमधून, जिथून मिळेल तिथून, आणि जाता जाता काटे हलवून जाते. त्याने स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला. माझा तिसरा हात, दुसरा, पहिला, आणि मग चकचकीत लोखंड. काटे गप्प झाले. ऑइलचा तेवढा शून्यावरच.

मग तो बॉनेटमध्ये वाकला. सेन्डरला एकच वायर असते, अर्थ त्याच्या आट्यांतून इंजिनाला मिळतो, असं सांगत त्याने सेन्डर उघडला आणि टेफ्लॉनची पांढरी पट्टी सोलून काढू लागला. ती संपेचना.

"इथेही अर्थ नाही," तो म्हणाला.

बाबा आत गेले आणि त्याला बसायला खुर्ची घेऊन आले.